पुडिंगला आणायला गेलो होतो

प्रिय आर्लीनताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकलो तर परत सरळ व्हायला कुणाला तरी हात द्यावा लागतो, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा खांदा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हानं दुखणं पळून जाईल असं डॉक्टर म्हणाला होता. पळालं, की उन्हाला घाबरून आणखी आत जाऊन बसलं? लेक-जावई मजेत असतील. जावयाला सांग, त्यानं पाठवलेला अंगणातल्या निवडुंगाचा फोटो पोचला. तुझ्या भावजयीनं, मार्जीननं, तो फ्रिजवर लावलाय, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण 'हे कोण?' म्हणून विचारतो. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. यंदा टेकड्यांवर गवत इतकं उंच आलंय की वाऱ्याला खेळायला जागाच जागा झालीय. दुपारी खिडकीतून बघत बसलं की सगळा मुलूख झोपेत श्वास घेतोय असं वाटतं, आणि मग आपल्यालाही तेच करावंसं वाटतं.

मी घोडी आणायला गेलो आणि गाडी वाळूत रुतली, एवढं तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्या मेहुण्याच्या, व्हर्लिनच्या बायकोनं फोन केला असणार. तिनं सांगितलं म्हणजे त्यात माझी अक्कल, माझं वय आणि माझी गाडी या तिन्हींचाही उद्धार झाला असणार. म्हणून खरी हकिकत माझ्याच हातानं लिहितो. जरा लांबेल. तुला तिकडे उन्हामुळे दुपारी बाहेर पडता येत नाही, तेव्हा वाच सावकाश.

तुला माहीतच आहे, मार्जीन हिवाळ्यात बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, काठी घेऊन हिंडते, पण डॉक्टरनं सांगितलं, घोड्यावर बसणं आता विसरायचं. चालायच्या आधी जी खोगिरावर बसली, तिला हे सांगितलं! ती तशीच घरी आली आणि खिडकीशी बसली. (आमच्या त्या खिडकीतून धान्याच्या कोठाराची भिंत दिसते, दुसरं काही नाही.) वसंतात तिच्या भावाचा, व्हर्लिनचा, फोन आला. तिची घोडी पुडिंग त्याच्याच रँचवर असते. तो म्हणाला, "मुलींच्या एका शिबिराला शांत घोडी हवीय. देऊन टाकू का?" मार्जीन म्हणाली, "दे." आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून तिनं टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडणं सोडलं. ताई, तो बिचारा सलग सगळा आठवडा चुकत होता आणि ही नुसती बघत होती. तेव्हा मात्र मी घाबरलो.

म्हणून ठरवलं की पुडिंगला घरी आणायचं, मार्जीनला न सांगता. आता तू हसशील. घोडा या प्राण्याजवळ मी संसारभर कुंपणाच्या अलीकडूनच उभा राहिलोय. शाळेत बँड शिकवण्यात माझा जन्म गेला. ट्यूबाचा भोंगा कितीही मोठा असला तरी तो लाथ मारत नाही. शिवाय माझ्याकडे पिकअप नाही. आमच्या गावात पिकअप नसलेला पुरुष म्हणजे टोपी घालून चर्चमध्ये गेलेला माणूस. माझी आहे ती मध्यम अंगाची एसयूव्ही, फिकट निळी, पोरांची वाद्यं न्यायला घेतलेली. तिचं माहितीपुस्तक मी पहिल्यांदाच उघडून वाचलं. तिला मागे किती वजन ओढता येतं ते त्यात छापलेलं होतं. रिकामा ट्रेलर, त्यात घोडी, घोडीचं वैरण-पाणी आणि मी, अशी बेरीज केली तर ती जेमतेम बसत होती. मग मी ठरवलं की सकाळचा नाश्ता करायचा नाही.

ट्रेलर शेजारच्या आयोनीबाईंचा. दोन घोड्यांचा, हलका, त्यांच्या कोठीमागे पडून होता आणि त्यात चिमण्यांनी संसार मांडला होता. आयोनीबाई तुला आठवत असतील, नवरा गेल्यापासून त्या एकट्याच सगळ्या गावाला दरडावतात. त्यांनी गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर बसवून दिला, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची तार जोडली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे बघ एमेट, मागचं धूड हलायला लागलं तर ब्रेकवर नाचू नकोस. पाय काढायचा, चाक सरळ धरायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसायला जमेल ना?" मी म्हटलं, "बायको घरी असताना रोज जमतं." त्या हसल्या नाहीत.

रिव्हर्सचा सराव मी चर्चच्या मोकळ्या जागेत केला. ताई, चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, हे विधात्यानं कुणासाठी केलं असेल? बराच वेळ मी आणि ट्रेलर एकमेकांभोवती नाचत होतो. शेवटी त्यानं मागच्या मागे 'सर्वांचे स्वागत आहे' हा बोर्ड आडवा केला. पाद्रीसाहेब दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "असू दे, एमेट. तो वाऱ्यानंही पडला असता." मोठा माणूस. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी प्रवचन संयमावर दिलं आणि सारखे माझ्याकडे बघत होते.

शनिवारी सकाळी मार्जीनला 'पियानो सुरात लावायला जातोय' असं सांगून निघालो. टेकड्यांवर धुकं होतं, आणि रिकामा ट्रेलर मागून खुळखुळत येत होता, खुळखुळा घेतलेलं लहान पोर मागे लागावं तसा. मला फार बरं वाटत होतं. रस्ता एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर असा जातो की कुठे पोचायचं आहे याचीच आठवण राहत नाही. मध्येच एक तळं, त्यात आभाळ, आभाळात बगळे. मी गाडी चालवतोय की गाडी मला, हेही कळेना. व्हर्लिनच्या फाटकाच्या पुढे निघून गेलो तेव्हा भानावर आलो, आणि रिव्हर्स नको म्हणून मोठा वळसा घालून परत आलो.

व्हर्लिन कुंपणाशी उभा होता. त्यानं माझी गाडी बघितली, ट्रेलर बघितला, परत गाडी बघितली.

"हे काय आणलंस? बाबागाडी?"

"ओढते ती. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकानं घोडी बघितलीय का? खाऊन खाऊन कोठार झालंय तिचं. माझा पिकअप घेऊन जा."

आता एरवी मी घेतला असता. पण व्हर्लिनचा पिकअप हा आमच्या लग्नापासूनचा विषय आहे. आमचा सोफा त्यानं आणला, पियानो त्यानं आणला, लग्नाच्या दिवशी माझी गाडी बंद पडली तेव्हा मलाही त्यानंच आणलं, आणि प्रत्येक नाताळात तो ते आठवणीनं सांगतो. मी म्हटलं, "माझ्या बायकोची घोडी मी माझ्या गाडीनं नेणार." तो म्हणाला, "तुझी बायको नंतर झाली, माझी बहीण आधी. आणि तिनं मला दे म्हणून सांगितलंय." मी म्हटलं, "ती जे बोलली ते तू ऐकलंस. फोन ठेवून ती काय करत बसली ते मी बघितलंय." यावर त्यानं उगाच कुंपणाची तार ओढून बघितली. मग घोडी ट्रेलरमध्ये चढवायची कशी यावरून पुन्हा जुंपली. त्याचं म्हणणं दोर पुढून ओढायचा, माझं म्हणणं तिला समजवायचं. बोलता बोलता आम्ही एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोचलो, आणि मागून कुरुमकुरुम आवाज आला म्हणून वळून बघतो तर पुडिंग आपल्या आपण आत चढून गवत खात उभी. व्हर्लिननं मागचं दार लावलं. "जा," म्हणाला. "मोठ्या रस्त्यानंच जा. वाळूच्या वाटेला वळू नकोस. आणि घोडी वाटेत कुठेही उतरवू नकोस." या तीन गोष्टी त्यानं सांगितल्या हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

घोडी आत आल्यावर गाडी वेगळीच झाली, ताई. पोर खांद्यावर झोपलं की आपण कसे पाय जपून टाकतो, तशी चालू लागली. चढावर ती कण्हायची, मीही तिच्याबरोबर पुढे वाकून कण्हायचो. एका उतारावर पुडिंगनं आत अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतला आणि मागचं सगळं धूड डोलायला लागलं, आधी हळू, मग मासोळीच्या शेपटीसारखं. आरशात कधी ट्रेलरची डावी बाजू, कधी उजवी. आयोनीबाईंचं मला काहीही आठवलं नाही. मी भीतीनं दगड झालो, पाय आपोआप उचलला गेला आणि हात चाकावर थिजले. नेमकं हेच करायचं असतं म्हणे. डोलणं थांबलं. तेव्हापासून मी कासवाच्या चालीनं निघालो.

सावकाश गेलं की जग किती निराळं दिसतं! ढगांच्या सावल्या टेकड्यांवरून जात होत्या आणि त्या मला मागे टाकत होत्या. कुंपणाच्या प्रत्येक खांबावर पिवळ्या छातीचा एकेक पक्षी बसून तेच तेच गाणं म्हणत होता. एकानं अर्धवट सोडलेलं पुढचा उचलायचा, आणि तेही माझ्या बँडला जन्मात कधी धरता आला नाही असा ताल धरून. माझ्यामागे पिकअपांची रांग लागली होती. कुणी हॉर्न वाजवला नाही. शेजारून जाताना प्रत्येकानं चाकावरचं एक बोट उचलून रामराम केला, आणि मग मान वळवून माझ्या गाडीकडे जे बघितलं त्यात मात्र रामराम नव्हता. मला त्या माणसांची अडचण करवेना. म्हणून डावीकडे एक वाट दिसली, तिच्यावर वळलो. (हो. वाळूची.)

तिथे मागेपुढे कुणीच नव्हतं. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत, गाडीच्या पोटाला गुदगुल्या करणारं. इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्याकडे सरकला. तो खाली आणायला थंड हवा बंद करून हीटर पूर्ण चालू करायचा असतो, हे माहितीपुस्तकात होतं. तेव्हा जून महिन्याच्या दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, हीटर लावून, घामानं न्हालेला मी पुडिंगला घेऊन स्वर्गातून चाललो होतो. टेकडीच्या माथ्यावर एक पवनचक्की होती आणि खाली गुरांसाठी पाण्याची मोठी गोल टाकी. तिथे गाडीनं एक लांब उसासा टाकला आणि ती थांबली. पुन्हा चालू केली तर चाकं जागच्या जागी फिरून वाळूत बसली.

ट्रेलरमधून खूर आपटल्याचा आवाज आला. तिलाही उकडत असणार. व्हर्लिननं काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं, पण ताई, पाणी समोर दिसत असताना तिला आत कोंडून ठेवायचं हे मला जमेना. दार उघडलं. ती मागच्या मागे, पाय चाचपत, एखादी लठ्ठ बाई बसमधून उतरावी तशी उतरली. दोर माझ्या हातात, आणि मी दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला. ती सरळ टाकीवर गेली आणि इतका वेळ पाणी पीत राहिली की चक्की तिच्यासाठीच फिरतेय असं वाटावं. मग तिनं ओलं तोंड वर केलं, माझ्याजवळ आली आणि हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली. पाणी माझ्या पाठीवरून खाली गेलं. मी हललो नाही. आधी भीतीनं, मग भीती कधी गेली ते कळलं नाही. तिचा श्वास गवतासारखा गरम होता. मार्जीन सकाळी हिला भेटून घरी यायची तेव्हा तिच्या केसांना हाच वास असायचा, आणि तो मी इतकी वर्षं बाहेरच्या हवेचा वास समजत होतो.

मी टाकीला टेकून खाली बसलो. वर चक्की एकच सूर धरून होती, थोडा उतरलेला, पण न थांबणारा. वारा, पाणी, गवत. घोडी माझ्या आणि उन्हाच्या मध्ये उभी राहिली. मला झोप लागली. झोपेत मी बँड वाजवून घेत होतो आणि सगळी टेकडी सुरात होती.

जागा झालो तेव्हा दोर माझ्या हातात नव्हता.  पण पुडिंग तिथेच, माझ्यावर सावली धरून, डोळे मिटून. मग मात्र मी शहाण्यासारखा ट्रेलरच्या छपरावर चढलो, कारण फोनला रेंज तिथेच होती. व्हर्लिनला फोन करायचा नव्हता. आयोनीबाईंचा नंबर पाठ नाही. पाठ आहे तो एकच नंबर.

"मार्जीन," मी म्हटलं, "मी पियानो लावायला आलो नाही."

"ते कळलं. हत्यारांची पेटी इथेच आहे. कुठे आहेस?"

"एका ट्रेलरच्या छपरावर. पुडिंग खाली आहे. गाडी वाळूच्या वाटेवर, पवनचक्कीपाशी रुतलीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग मोठा श्वास ऐकू आला.

"तू पुडिंगला आणायला गेलास? त्या गाडीनं?"

"पुस्तकात लिहिलंय की—"

आणि ती हसली. ताई, हिवाळ्यापासून हा आवाज घरात नव्हता. हसता हसता खोकली, खोकता खोकता म्हणाली, "दोर हातात आहे का?"

"नाही."

"मग छपरावर काय करतोयस, मूर्खा? खाली उतर. दोर धर, पण हाताला गुंडाळू नकोस. तिच्या मागे जाऊ नकोस. डाव्या बाजूनं जा. बोलत राहा तिच्याशी. आणि हे बघ, पश्चिमेला ढग येतायत, तो हवामानवाला मेला आज ऊन सांगत होता!"

मी छपरावर बसून रडलो. घोडीला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं आयोनीबाईंचा पिकअप धूळ उडवत आला. मार्जीन पुढच्या सीटवर होती. तिनं दार उघडलं, काठी वाळूत रोवली, ती रुतली, तिनं ती फेकून दिली. मी धावलो. "तू लांब राहा," म्हणाली. पुडिंगनं मान उचलली आणि अशी जपून चालत आली की जणू पायाखालची वाळू दुखेल. मार्जीननं दोन्ही हात तिच्या मानेभोवती टाकले, कपाळ तिच्या कपाळाला लावलं आणि हळू आवाजात तिला शिव्या दिल्या. सगळ्या लाडाच्या. आयोनीबाई आभाळाकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "चक्कीला तेल पाहिजे."

ट्रेलर त्यांच्या पिकअपला लावला. पुढे त्या दोघी, मागे घोडी. माझ्यासाठी जागा नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी टेकडीवरून ते धूड लहान लहान होत जाताना बघत राहिलो. मला वाटतं, आयुष्यात इतक्या सुखानं मी कधी मागे राहिलो नसेन.

मग व्हर्लिन आला. मार्जीननंच त्याला कळवलं होतं. त्यानं साखळी लावून माझी गाडी बाहेर काढली. साखळी गुंडाळताना फक्त म्हणाला, "हसली म्हणे."

"हसली."

तो बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिला. "मला केला होता तिनं फोन," म्हणाला. "ओरडली माझ्यावर. शिबिराला द्यायचं तुझ्या डोक्यात आलंच कसं म्हणून." आणि मग आम्ही दोघं त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलो, आणि पाऊस येईपर्यंत ढग बघत राहिलो.

असं झालं सगळं. आता हात दुखला. मार्जीनचा तुला नमस्कार, लेकीला आशीर्वाद, निवडुंगाला आमची सलामी.

तुझा धाकटा,
एमेट

ता. क. एक लिहायचं राहिलं. हे सगळं करताना घोडी ठेवायची कुठे, हा विचार मी केलाच नव्हता. आमच्या अंगणात ती मावत नाही आणि गावाच्या नियमातही ते बसत नाही. ओढ्याकाठच्या तुझ्या घराला आणि मागच्या कुरणाला गेलॉर्डभाऊजी गेल्यावर तू कुलूप लावून गेलीस. इथलं काहीही हलवायचं नाही, कुणी पाऊल टाकायचं नाही, असं तू मला बजावून गेलीस, ते मी विसरलेलो नाही. तरी विचारतो, कुरणात पुडिंगला राहू देशील का?

ता. क. २. ती शनिवारपासून तिथेच आहे. रागावू नकोस. कुंपण व्हर्लिननं नीट केलं. भाऊजींनी लावलेल्या सफरचंदाची खालची पानं तिनं खाल्ली, पण झाड त्यामुळे उलट तरतरीत दिसतं.

ता. क. ३. मार्जीन रोज सकाळी काठी घेऊन तिकडे जाते आणि पायरीवर बसते. काल म्हणाली, आर्लीनताईला विचार, स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या तर चालतील का? आत हवा कोंडलीय. आणि असंही विचार, की शरद ऋतूत तिकडचं ऊन जरा कमी झालं की ती स्वतः येऊन उघडेल का? तर ताई, एवढं कळव. घाई नाही.

(एक मी उघडलीय.)